दोनच वाटांची मांडणी

ताईने माझ्या टॅरोच्या पत्त्यांना कधी पत्ते म्हटलं नाही. ती त्यांना ताश म्हणायची, वेळ घालवायला खेळतात ते. "हिची ताश झाली का खेळून?" असं पाहुण्यांसमोर विचारायची आणि सगळे हसले की मला चहा ठेवायला सांगायची. तेही माझ्याच घरात. म्हणून त्या रविवारी ती आणि भाऊजी सालेकशाहून सकाळच्या गाडीने माझ्याकडे गोंदियाजवळ मुर्रीला आले आणि चहा झाल्यावर ताई म्हणाली, "तुझे ते पत्ते काढ नं जरा," तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मी गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर काम करते. लोकांच्या रिपोर्टची पाकिटं त्यांच्या हातात ठेवते. पाकीट घेताना लोक माझ्या तोंडाकडे बघतात, "मॅडम, सब ठीक है ना?" म्हणून विचारतात, आणि मला बोलायची परवानगी नसते. टॅरो मी रायपूरला शिकले. तिथे नोकरीला होते तेव्हा ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे त्या बंगाली काकू पत्ते बघायच्या. त्यांनी मला पत्त्यांचे अर्थ फार उशिरा शिकवले. आधी कितीतरी महिने नुसते प्रश्न ऐकायला लावले. कोणी बाई आली की त्या तिला बोलू द्यायच्या आणि ती गेल्यावर मला विचारायच्या, "बताओ, इसका सवाल क्या था?" मी बाईने जे विचारलं तेच सांगितलं की त्या मान हलवायच्या. "वो तो उसने बोला. सवाल क्या था?"

मांडणी कोणती करायची हे त्या प्रश्नावर ठरतं. साधा प्रश्न असेल तर तीन पत्ते पुरतात. मोठी गुंतागुंत असेल तर दहा पत्त्यांचा क्रॉस, ज्यात पहिल्या पत्त्यावर दुसरा आडवा ठेवतात. तो आडवा पत्ता म्हणजे अडथळा. दोन गोष्टींमधली एक निवडायची असेल तर दोन वाटांची मांडणी: खाली एक पत्ता, म्हणजे माणूस आज कुठे उभा आहे ते, आणि तिथून डावीकडे एक ओळ, उजवीकडे एक ओळ. काकूंचे नियम थोडे होते पण कडक होते. जो समोर नाही त्याचे पत्ते काढायचे नाहीत. आणि आलेलं आवडलं नाही म्हणून पुन्हा काढायचे नाहीत. काकू गेल्या तेव्हा त्यांची जुनी गड्डी त्यांच्या सुनेने माझ्या हातात दिली. मी गोंदियाला परत आले आणि मुर्रीतल्या बाया सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येऊ लागल्या. कोणी भाजी आणते, कोणी काहीच आणत नाही. मी मागत नाही.

तर ताईने पत्ते काढायला सांगितले. मी विचारलं, "तुझा प्रश्न काय आहे?"

ताईने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींचं सालेकशाला स्टेशनजवळ किराणा दुकान आहे, मोहफुलांच्या दिवसांत ते फुलंही विकत घेतात. ते कमी बोलतात. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आमचा नाही. पोट्टीचा आहे."

पोट्टी म्हणजे माझी भाची, त्यांची थोरली. ती तेव्हा वनरक्षक भरतीची तयारी करत होती. लेखी परीक्षा पास झाली होती आणि आता धावण्याची चाचणी राहिली होती. पोरं त्याला ग्राउंड म्हणतात. रोज पहाटे ती रेल्वे लाइनच्या बाजूच्या रस्त्याने धावायची. मला तिचे फोन यायचे. आज किती वेळ लागला, आज दम कुठे लागला, आज पाय किती दुखला, आज कुत्रं मागे लागलं म्हणून वेळ कसा चांगला आला, असं सगळं सांगायची.

"तिले स्थळ आलं आहे," ताई म्हणाली. "आमगावकडचे आहेत. राइस मिल आहे घरची. पोरगा निर्व्यसनी, दिसायलाही चांगला. त्यायले पोरगी पसंत आहे. पण नोकरी नको म्हणतात. जंगलात ड्युटी, रातबेरात फिरणं, सुनेनं असं करावं हे त्यायले चालत नाही."

"आणि ती काय म्हणते?"

"ती काय म्हणन? नाही म्हणून राहिली. आधी ग्राउंड, मंग पाहू म्हणते. तवरक ते थांबतीन का?"

मी म्हटलं, "मग ती येऊ दे. तिला प्रश्न असेल तर ती विचारेल."

तेव्हा ताई पुढे सरकली आणि तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. लहानपणानंतर तिने असा हात ठेवल्याचं मला आठवत नाही. म्हणाली, "हेच तं सांगून राहिली मी. तुयं ऐकते ती. तुया पत्त्यायवर तिचा विश्वास आहे. तू तिले बोलाव आणि पत्ते लाव. फक्त..." ती थांबली. "फक्त बरोबर लाव."

"बरोबर म्हणजे?"

"म्हणजे लग्नाचे चांगले येतीन असे. तुले तं मालूम आहे कोणता पत्ता कशाचा आहे. आधीच वर ठेवायचे. तिले काय समजते?"

मला राग लगेच आला नाही. आधी कानात काहीतरी बंद झाल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्याला ही बाई ताश म्हणून हसली, तेच तिला आज हवं होतं, पण खोटं करून. तिच्या लेखी ते खोटंच होतं, त्यामुळे आणखी थोडं खोटं केल्याने काय बिघडणार होतं! आणि तिच्या मुलीचा त्यावर विश्वास होता, म्हणून ते कामाचं होतं. मी भाऊजींकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"ताई," मी म्हटलं, "तुला पोरीला फसवायचं असेल तर तू फसव. माझे हात कायले मागतेस?"

"फसवणं काय आलं त्याच्यात? तिच्या भल्याचंच करून राहिलो."

"मग तिला सरळ सांग की आम्हाला तुझी नोकरी नको. तेवढी हिंमत कर."

भाऊजी उठले. "चला," माझ्याकडे हात करून ताईला म्हणाले. "यायले समजणार नाही. यायनं स्वतः संसार केला असता तं समजलं असतं."

ते गेले. मी त्यांच्या कपबशा विसळल्या, मग पुन्हा घासल्या, मग त्यातली एक बशी आपटून फोडली. हातातून निसटून फुटली असं म्हणणार होते, पण फोडली.

पुढच्या आठवड्यात भाची थेट लॅबमध्ये आली. काउंटरसमोर रांग होती. ती रांगेच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली, पायात धावायचे बूट, आणि चेहरा असा की मी बरोबरच्या मुलीला काउंटर सांभाळायला सांगून बाहेर आले. पायरीवर बसलो.

"मावशी, आई मले टॅरोवाल्या मॅडमकडे घेऊन गेली होती," ती म्हणाली. "इथेच, मार्केटमध्ये. एसीचं ऑफिस आहे. मॅडम म्हणाल्या, शादी का योग बहुत प्रबल है. आणि म्हणाल्या, नौकरी ही बाधा है. नोकरीच्या मागे लागली तर घर तुटेल म्हणाल्या, बाबांची तब्येत जाईल म्हणाल्या." तिने फोन काढला. "मी फोटो काढला. तू बघ नं. खरंच असं आहे का?"

मी फोटो पाहिला. दहा पत्त्यांचा क्रॉस होता. एका लग्नाच्या स्थळासाठी एवढी मोठी मांडणी काढायचं काही कारण नव्हतं, पण ती दिसते भारदस्त, म्हणून काढली असणार. सूर्याचा पत्ता होता, सम्राज्ञीचा होता, प्रेमिकांचा होता, दहा प्याल्यांचा होता, ज्यात नवरा-बायको आणि मुलं इंद्रधनुष्याखाली उभी असतात. एकही पत्ता उलटा नव्हता. संकटाचे मानतात त्या तलवारींचा एकही पत्ता नव्हता. आणि मधोमध, अडथळ्याच्या जागी, आठ नाण्यांचा पत्ता आडवा ठेवला होता. त्या पत्त्यावर एक कारागीर बाकावर बसून मन लावून काम करत असतो. मेहनतीचा पत्ता आहे तो. शिकणाऱ्याचा, रोज तेच काम करून हात बसवणाऱ्याचा. तोच नेमका अडथळा!

गड्डी पिसून असं येत नाही असं मी म्हणणार नाही. योगायोगाने काहीही येऊ शकतं. पण लग्नपत्रिकेवर छापावेत असे पत्ते आणि त्यांच्यामध्ये मेहनत आडवी पडलेली, हे बघून मला काय वाटायचं ते वाटलं.

"पत्ते कोणी पिसले?"

"मॅडमनीच."

"तुझा प्रश्न काय होता?"

"मले विचारलंच नाही," ती म्हणाली. "आईनंच सांगितलं सगळं."

त्या रात्री ती माझ्याकडेच थांबली. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि भाचीबरोबर सालेकशाला गेले. गड्डी पिशवीत होती, पण ती मी रोजच पिशवीत ठेवते, मांडायच्या इराद्याने नेली नव्हती. भांडायच्या इराद्याने गेले होते.  गाडीबाहेर धानाची रिकामी शेतं होती आणि पुढे पुढे जंगल दाट होत गेलं. मी मनात वाक्यं जुळवत होते.

ताई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मला बघून तिने हातातली टोपली खाली ठेवली नाही.

"त्या बाईला तू आधीच सांगून ठेवलं होतंस," मी म्हटलं. पहिलं वाक्य तेच निघालं. गाडीत जुळवलेलं एकही निघालं नाही.

"हो, फोन केला होता," ताई म्हणाली. अगदी सहज म्हणाली. "तू नाही म्हटलं म्हणून केला. लपवून काय राहिली मी?"

भाची फाटकातच उभी होती. तिच्यासमोर हे बोलली. मला वाटलं होतं ताई नाही म्हणेल, शपथ घेईल, मग मी फोटो दाखवीन. ताईला लपवावंसंही काही वाटलं नव्हतं.

भाची म्हणाली, "आई, तू पैसे देऊन मले भेव घालून आणलं? बाबा मरतील म्हणून?"

"मरतील असं कोण म्हणे? तब्येत म्हटलं होतं."

"माझ्या डोक्यात तीन दिवसांपासून तेच फिरून राहिलं! मी धावायले गेली नाही तीन दिवस!"

आवाज ऐकून भाऊजी घरापुढच्या दुकानातून आले. मग सगळेच एकदम बोलू लागलो. ताई म्हणाली की मला कोणाचं चांगलं बघवत नाही. मी म्हटलं की माझ्या घरी येऊन खोटे पत्ते मागताना मी चांगली होते. भाऊजी म्हणाले, "तुमी आमच्या घरात आग लावून राहिल्या." मी म्हटलं, "आग तुम्ही लावली, मी धूर बघून आले." शेजारची म्हातारी कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि तिला कोणी जा म्हटलं नाही.

मध्येच भाची ओरडली, "थांबा!"

थांबलो.

"मावशी, तू मांड," ती म्हणाली. "आत्ता, इथे, सगळ्यांसमोर. पत्ते मी पिसणार. जे येईल ते तू खरं सांग. मी ऐकीन. आणि आई, तुम्ही पण ऐकायचं."

मी नको म्हटलं. रागात पत्ते काढायचे नाहीत, हात खरे चालत नाहीत. पण ताई म्हणाली, "मांड. काऊन, आता भेव लागून राहिलं का?" आणि मी पडवीत बसले. त्या एका वाक्याने बसले. आजही मला त्याचा राग येतो.

दोन वाटांची मांडणी करायची ठरवली. एकीकडे नोकरी, एकीकडे लग्न. भाचीने पत्ते पिसले, बराच वेळ पिसले. मग मी एकेक पत्ता ठेवत गेले.

खाली, ती आज उभी आहे त्या जागी, आठ तलवारींचा पत्ता आला. त्यावर एक बाई आहे. डोळ्यांवर पट्टी, अंगाला दोर गुंडाळलेला, आणि भोवती तलवारी जमिनीत रोवलेल्या. कोणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. 

मग डावी ओळ, नोकरीची. पहिला पत्ता दहा काठ्यांचा: ओझ्याखाली वाकलेला माणूस. दुसरा पाच नाण्यांचा: बर्फातून अनवाणी, लंगडत चाललेली दोन माणसं. तिसरा रथ, आणि तो उलटा.

उजवी ओळ, लग्नाची. दोन प्याले: एक पुरुष आणि एक बाई एकमेकांसमोर प्याले धरून उभे. मग चार काठ्या, वर फुलांची माळ. ताई पुढे वाकली आणि म्हणाली, "अवो बाई, हा तं मांडव आहे!" मांडवच होता. आणि तिसरा, शेवटचा, दहा प्याल्यांचा. इंद्रधनुष्याखालचं ते कुटुंब. मार्केटमधल्या मॅडमनी हाताने ठेवला होता तोच पत्ता, माझ्या गड्डीतून, भाचीच्या हातून आला होता.

मला ते पत्ते उचलून अंगणात भिरकवावेसे वाटले. एवढी भांडून आले होते आणि काकूंची गड्डी ताईच्या बाजूने बोलत होती! खोटं सांगणं सोपं होतं. उलट्या रथाचं काहीही करता येतं. दहा काठ्या म्हणजे जबाबदारीची नोकरी, असं म्हणता आलं असतं, आणि ताईला काहीही कळलं नसतं. तिनेच मला तसं सांगितलं होतं, तिले काय समजते म्हणून.

मी खरं सांगितलं. नोकरीच्या बाजूला ओझं आहे, ओढाताण आहे, आणि जिथे पोचायचं तिथे गाडी पोचत नाही असं दिसतं. लग्नाच्या बाजूला चांगलं आहे. जोडा चांगला आहे. घर चांगलं आहे. सांगताना माझा आवाज कसा होता ते मला माहीत नाही. ताईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मात्र मला अजून दिसतं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि भाऊजींना म्हणाली, "त्यायले फोन लावा."

भाची पत्त्यांकडेच बघत होती. तिने बोट ठेवलं ते खालच्या पत्त्यावर.

"ही मी आहे?"

"हो. आत्ताची."

"हिचे डोळे कोणी बांधले?"

"ते पत्त्यावर नसतं."

ती आणखी खाली वाकली. मग म्हणाली, "हिचे पाय तं मोकळे आहेत."

मी बघितलं. खरंच मोकळे होते. दोर कमरेपर्यंत आणि गुडघ्याजवळ सैल, पावलं साफ मोकळी. इतकी वर्षं हा पत्ता माझ्या हातातून गेला होता, मी कधी पायांकडे पाहिलं नव्हतं. बायका हा पत्ता बघून रडतात, मी त्यांना रुमाल देते, बस्स.

भाची उभी राहिली. "मी ग्राउंड देणार," म्हणाली.

"अवो, तूच तं म्हटलं होतं का जे येईन ते ऐकीन!" ताई ओरडली.

"म्हटलं होतं. ऐकलं. आता मी नाही म्हणून राहिली."

"मंग पत्ते कायले मांडाले लावले?"

"माझी चूक झाली," भाची म्हणाली आणि आत जाऊन बॅग भरायला लागली.

भाऊजींनी तिला अडवलं नाही. त्यांच्या हातात फोन होता, लावलेला नव्हता. ताईने मात्र मला सोडलं नाही. मी गड्डी गोळा करत असताना ती माझ्या डोक्यावर उभी राहून बोलत होती: पोरगी नासवली, पत्त्यांनीसुद्धा सांगितलं तरी ऐकू दिलं नाही. मी म्हटलं, "मी तर तुझ्याच बाजूचं वाचलं नं?" त्यावर ती आणखी जोरात बोलू लागली.

परतीच्या गाडीत भाचीने मला विचारलं, "मावशी, तू दोनच वाटा काऊन मांडल्या?"

"निवड दोन्हींमधली होती म्हणून."

"कोणी म्हटलं? मी तं नव्हतं म्हटलं. लग्न नाही करायचं असं मी कधीच नाही म्हटलं. आधी धावू द्या म्हटलं होतं, बस. नोकरी नाहीतर लग्न, हे आईनं ठरवलं. तू पण तेच धरलं."

मला तिला रागवावंसं वाटलं. माझ्या पत्त्यांबद्दल माझ्याशी बोलत होती, आणि बरोबर बोलत होती. काकू असत्या तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, इसका सवाल क्या था. मी बाहेर बघत राहिले. 

ती माझ्याकडे राहिली. मुर्रीच्या मागच्या बाजूने शेतांच्या कडेने रस्ता जातो, तिथे पहाटे धावायची. मी लॅबला जायच्या आधी सायकल घेऊन तिच्या बाजूने जायचे, मोबाइलवर वेळ लावून. मोटरसायकलवरची पोरं हॉर्न वाजवत जवळून गेली की मी त्यांना अशा शिव्या द्यायचे की भाचीला हसू येऊन तिचा दम तुटायचा. "मावशी, तू गप राह्य नं, माझा टाइम खराब होऊन राहिला!"

स्थळ मोडलं. ताईने ते मला फोन करून सांगितलं आणि फोन ठेवला.

ग्राउंडच्या दिवशी ती चांगली धावली. मी फाटकाबाहेर उभी होते, आत सोडत नव्हते. बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून नुसती श्वास घेत राहिली. पण यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. तिच्यापेक्षा चांगल्या वेळा आणि चांगले मार्क असणाऱ्या मुली होत्या. त्यात कोणाचा काही डाव नव्हता. हरली, एवढंच.

त्या दिवशी ती रडली नाही. बूट धुऊन उन्हात ठेवले आणि झोपली.

आठवड्याने ताई आली. या वेळी एकटीच आली. हातात मोहाच्या लाडवांचा डबा होता. भाची बाहेर गेली होती. ताई बसली, इकडेतिकडे बघितलं, आणि म्हणाली, "एक म्हणू? तुये पत्ते खरे निघाले."

मी लाडवांचा डबा बाजूला सरकवला.

"मी खूप हसली तुले इतके दिवस. पण खरं आहे ते. अगदी तसंच झालं. उलटा रथ म्हटलं होतं नं तू? तसाच झाला." मग ती जवळ सरकली. "आता एक कर. यायच्या दुकानाचं पाह्य. बाजूले नवीन दुकान होऊन राहिलं, मोठं. मोठी मांडणी कर, ती दहा पत्त्यांची."

त्या क्षणी मला जो राग आला तसा मला आयुष्यात परत आलेला नाही. तिची मुलगी हरली होती. महिनोन्महिने धावून हरली होती. आणि ही बाई माझ्या दारात खुश होऊन आली होती, कारण पत्ते खरे निघाले. मुलगी पडली यापेक्षा आपण बरोबर होतो याचं तिला जास्त होतं. तिला तिच्या मुलीच्या हरण्यातून एक श्रद्धा मिळाली होती आणि ती घेऊन ती दुकानाचा प्रश्न विचारायला आली होती!

मी म्हटलं, "ऊठ."

"काय?"

"ऊठ इथून. पोरगी कशी आहे ते विचारलंस का? आल्यापासून एकदा तरी? जेवते का, झोपते का? तुला पत्ते पाहिजेत. त्या मार्केटमधल्या बाईकडे जा, तिला आधी फोन कर, काय काढायचं ते सांग, ती काढून देईल. माझ्याकडे तुझ्यासाठी एक पत्ता नाही."

"अवो, मी तं तुयं कवतिक करून राहिली..."

"नको मला! तू ताश म्हणत होतीस तेच बरं होतं!"

ती गेली. लाडवांचा डबा राहिला. भाचीने आल्यावर तो उघडून खाल्ला, तिला मी काही सांगितलं नाही. पण माझ्या आवाजाने अर्धी गल्ली दारात आली होती, तिला कळलंच असणार.

या गोष्टीला आता बराच काळ झाला. ताई आणि मी लग्नकार्यात एकमेकींना दिसतो. ती मला वाढायला येत नाही, मी तिच्या पंगतीला बसत नाही. भाऊजी मात्र कधीमधी गोंदियाला माल घ्यायला आले की लेकीला भेटून जातात. दारातच उभे राहतात, तिला काहीतरी देतात, जातात. एकदा जाताना मला म्हणाले, "तिचा पाय दुखते का अजून?" मला ते ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचाही राग आला. हे वाक्य त्या दिवशी माझ्या घरात खिडकीतून बाहेर बघताना का सुचलं नव्हतं?

आमगावच्या त्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं. मी त्याला पाहिलं. लॅबमध्ये आला होता, बायकोला घेऊन. नाव आणि गाव लिहून घेताना मला कळलं तो कोण ते. त्याने बायकोला पंख्याखालची खुर्ची दिली, स्वतः रक्त द्यायच्या खोलीत तिच्याबरोबर गेला, तिने डोळे मिटले तेव्हा तिचा दुसरा हात धरला. रिपोर्ट घेताना मला नमस्कार करून गेला. मी दिवसभर चिडलेली होते. वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

घरी येऊन मी भाचीला सांगितलं. म्हटलं, "चांगला दिसतो गं तो."

ती बुटाची नाडी बांधत होती. "चांगलाच होता," म्हणाली. "मी कुठे वाईट म्हटलं?"

ती आता गोंदियात भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना सकाळी धावणं शिकवते. थोडं काही मिळतं. पुढची भरती निघाली की ती पुन्हा फॉर्म भरणार आहे, वय बसेल तोवर. जमेल की नाही हे मला माहीत नाही, आणि मी पत्त्यांना विचारलेलं नाही. तिनेही विचारलेलं नाही.

पत्ते मी अजून काढते. दोन वाटांची मांडणी मात्र करत नाही. कोणी आलं आणि म्हणालं, हे करू की ते करू, तर मी आधी विचारते की ही दोनच आहेत असं तुम्हाला कोणी सांगितलं. पुष्कळ वेळा सांगणारी शेजारीच बसलेली असते. आई असते, सासू असते, मोठी जाऊ असते. परवाच एक बाई लेकीला घेऊन आली. लेक कॉलेजातली, मान खाली. बाईने सगळा प्रश्न स्वतःच सांगितला, मांडणी कोणती करायची तेही सांगितलं, मोबाइलवर बघून आली होती. मी तिला बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं.

"काऊन? मी आई आहे तिची!"

"म्हणूनच," मी म्हटलं आणि दार लावलं. बाहेरून ती बराच वेळ बडबडत होती, कडी वाजवत होती. आत ती मुलगी दाराकडे बघत होती. मी गड्डी तिच्यासमोर ठेवली, पिसायला सांगितलं नाही. म्हटलं, "तुला काय विचारायचं आहे ते सांग. घाई नाही. तिला ओरडू दे."